कुटुंबाच्या संघाने शर्यतीचा शनिवार-रविवार कसा पार पाडावा: हौशी सर्किट शर्यतीसाठी सविस्तर मार्गदर्शक

हौशी स्पोर्ट्स कार शर्यतीत उतरणारा संघ बहुतेक वेळा घरातलाच असतो. गाडी चालवणारा एक, गाडीखाली आडवा होणारा त्याचा भाऊ, वेळ टिपणारी बहीण किंवा पत्नी, आणि ज्यांच्या हातात अजूनही सगळ्यांपेक्षा जास्त कसब आहे असे वडील. अशा संघाचे बळ म्हणजे एकमेकांवरचा विश्वास, आणि दुर्दैवाने त्याची सर्वांत मोठी कमजोरीही तीच. पगारी मेकॅनिकला आपण ‘चाकाचे नट आवळलेस का?’ असे निःसंकोच विचारतो. घरच्या माणसाला तेच विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटते, म्हणून विचारायचे राहून जाते.

आमच्याबाबतीत हे दुसऱ्याच शर्यतीच्या वेळी घडले. पुढचे डावे चाक काढून ब्रेक पॅड पाहिले होते. नट मी आवळले असे भावाला वाटले, भावाने आवळले असे मला वाटले, आणि वडिलांना तर तो प्रश्नच पडला नाही, कारण दोन्ही मुलगे तिथेच होते. तिसऱ्या फेरीत स्टीअरिंग थरथरू लागले आणि पुढच्या चौकीवर नारिंगी वर्तुळ असलेला काळा झेंडा, म्हणजे गाडीत बिघाड असल्याची खूण, दिसला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी थांबवण्याच्या जागेत, आलो तेव्हा चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. कोणाला काही झाले नाही, परंतु त्या दिवसापासून संघाची कामे करण्याची पद्धत आम्ही मुळापासून बदलली. पुढील मार्गदर्शन त्याच पद्धतीवर आधारलेले आहे.

सुरुवातीला एका शब्दाचा खुलासा करायला हवा. या प्रकाराला रोड रेसिंग म्हणतात, पण आज त्याचा अर्थ सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत असा नाही. डावी-उजवी वळणे आणि चढउतार असलेल्या बंदिस्त सर्किटवरची शर्यत, लंबगोल ट्रॅकवरची नव्हे, असा त्याचा अर्थ आहे. नाव मात्र जुन्या काळाचे राहिले. अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन येथे १९४८ मध्ये हौशी चालकांची शर्यत खरोखरच गावातल्या आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर झाली होती. तिथेच १९५२ मध्ये रस्त्याच्या कडेला गाडीची धडक बसून सात वर्षांचा एक मुलगा दगावला, त्यानंतर शर्यत गावातून हलली आणि १९५६ मध्ये तिथे कायमस्वरूपी सर्किट उभे राहिले. लेकराबाळांसह पॅडॉकमध्ये (संघांच्या गाड्या-तंबूंच्या आवारात) जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा इतिहास माहीत असावा.

कामे वाटणे आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार देणे

पहिली पायरी गाडीजवळ जाण्याआधीची आहे. घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून एका कागदावर प्रत्येक कामासमोर एकच नाव लिहावे. दोन नावे लिहिलेले काम कोणाचेच नसते. चार माणसांच्या संघात साधारणपणे एक चालक, एक चाके व ब्रेक पाहणारा, एक इंधन व अग्निशामक सांभाळणारा, आणि एक जण वेळापत्रक, कागदपत्रे व फेऱ्यांच्या वेळा पाहणारा असे वाटप जमते. मुले असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवणे हेही एक काम समजावे आणि त्यासमोरही नाव लिहावे. ‘आम्ही सगळे आहोतच की’ हे उत्तर स्वीकारू नये.

चालकाने आपल्या गाडीचे नट स्वतः आवळू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सत्राला दहा मिनिटे उरली असताना त्याचे मन पहिल्या वळणावर पोहोचलेले असते आणि त्या मनःस्थितीत हातातले काम अर्धे राहते. त्याने पाणी प्यावे, हातमोजे शोधावेत आणि शांत बसावे.

दुसरे असे की गाडी सोडायची की नाही, याचा अंतिम शब्द चालकाचा नसावा. आमच्याकडे तो अधिकार वडिलांकडे आहे. गाडीवर कोणतेही काम अपुरे असेल तर ते करणारा माणूस स्टीअरिंगला लाल फीत बांधतो. फीत ज्याने बांधली त्यानेच सोडायची, आणि सोडताना मोठ्याने सांगायचे: ‘पुढचे डावे चाक, चारही नट, झाले.’ दुसरा माणूस ते ऐकून वहीत वेळ लिहितो. पहिल्या दिवशी हे सगळे नाटकी वाटते आणि धाकट्या भावंडांना हसू येते, पण दुपारपर्यंत त्याची सवय होते.

दोन आठवडे आधी: गाडीची तयारी

नव्या संघाने हलकी आणि साधी गाडी निवडावी. १९८९ मध्ये बाजारात आलेली माझदाची एमएक्स-५ जगभरातल्या हौशी शर्यतींत इतकी का दिसते, याचे उत्तर तिच्या वजनात आहे. पहिल्या पिढीची ही गाडी हजार किलोंच्या आत होती. हलकी गाडी टायर कमी खाते, ब्रेक कमी तापवते आणि चूक झाली तर आपटतेही कमी जोराने. ताकदवान पण जड गाडी पहिल्या वर्षी चालकाला काही शिकवण्याऐवजी संघाला सुट्या भागांच्या मागे पळवते.

तयारीत सर्वाधिक वेळ ब्रेकला द्यावा, कारण इंजिन बंद पडले तर शर्यत जाते, ब्रेक गेले तर त्याहून बरेच काही जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या अवस्थेत मानकाची किमान मर्यादा १५५ अंशच आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. शर्यतीसाठी बनवलेली ऑइले ताजी असताना ३०० अंशांच्या पुढे जातात. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फरशीला टेकते. म्हणून ऑइल नेहमी सीलबंद बाटलीतलेच घालावे. मागच्या वेळची अर्धी बाटली कपाटात कितीही नीट ठेवलेली असली तरी ती शर्यतीच्या गाडीत ओतू नये.

ब्रेकमधली हवा काढणे हे दोन माणसांचे काम आहे आणि कुटुंबातला समन्वय इथे कसाला लागतो. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी निपलवर, म्हणजे ब्रेकमधली हवा सोडण्याच्या छोट्या स्क्रूवर, पाना लावून बसतो. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. मग चाकापाशी बसलेल्याने ‘दाब’ म्हणायचे, आतल्याने पेडल खाली नेऊन ‘धरलंय’ असे उत्तर द्यायचे, तेवढ्यात निपल पाव फेरी उघडून ऑइल बाहेर येऊ द्यायचे, निपल घट्ट बंद करायचे आणि मगच ‘सोड’ म्हणायचे. निपल उघडे असताना पेडल सुटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. नळीतून आधी चहाच्या रंगाचे जुने ऑइल येते, मधूनमधून बारीक बुडबुडे दिसतात, आणि मग एकदम स्वच्छ, फिकट धार सुरू होते. ती दिसल्यावरही दोन-तीन वेळा दाबून घ्यावे. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावा आणि वरच्या टाकीतले ऑइल तळाला जाऊ देऊ नये. सांडलेले ऑइल रंग खाते, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

ब्रेक पॅड अर्धे झिजले असतील तर शर्यतीला जाण्याआधीच बदलावेत. पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. नव्या पॅडना उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हळूहळू तापवून डिस्कवर बसवावे लागते. हे काम पात्रता फेरीत, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्रात, करू नये, सरावात करावे. याखेरीज चाकांचे बेअरिंग, स्टीअरिंगचे जोड, सस्पेन्शनचे बोल्ट आणि इंधनाच्या नळ्या पाहाव्यात. प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट आवळून झाल्यावर बोल्ट आणि त्याच्या आधाराच्या भागावर मिळून एक सरळ रंगरेषा ओढावी. रेषा तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे लांबूनही कळते. आमचे वडील पिवळ्या पेंट मार्करने या रेषा मारतात आणि तो मार्कर कोणालाही देत नाहीत.

अंगावरची साधने

इथे काटकसर करू नये, आणि वापरलेली साधने विकत घेऊ नयेत. हेल्मेट मोटारशर्यतीच्या दर्जाचे हवे. स्नेल फाउंडेशनच्या मानकांत मोटरसायकलसाठी ‘एम’ आणि मोटारशर्यतीसाठी ‘एसए’ अशी वेगळी अक्षरे असतात. एसए हेल्मेटच्या आतल्या अस्तराची आगीसाठी चाचणी होते आणि रोल केजच्या (चालकाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्याच्या) नळीवर डोके पुन्हा पुन्हा आदळण्याचा विचारही त्यात असतो. घरात मोटरसायकलचे चांगले हेल्मेट आहे म्हणून तेच आणलेला चालक तपासणीतूनच परत पाठवला जातो. स्टिकर अस्तराखाली चिकटवलेला असतो, तो अधिकाऱ्याला चटकन दाखवता येईल असा आधीच शोधून ठेवावा.

सीटच्या पट्ट्यांना मुदत असते. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटनेच्या ८८५३-२०१६ मानकाच्या पट्ट्यांवर कोणत्या वर्षापर्यंत ते चालतील हे लेबलवरच छापलेले असते. पट्टा न वापरताही ऊन आणि ओलावा त्याचे धागे कमजोर करतात, त्यामुळे ‘एकदाच वापरला आहे’ हा युक्तिवाद कोणी ऐकत नाही. सूटच्या आत कृत्रिम धाग्याचे कपडे घालू नयेत. ते उष्णतेने वितळून त्वचेला चिकटतात. आगरोधक धाग्याचे आतले कपडे सर्वोत्तम, आणि ते सक्तीचे नसतील तिथे निदान सुती असावेत.

मान आणि डोके धरून ठेवणारे हान्स हे साधन आज जवळजवळ सर्वत्र सक्तीचे आहे, आणि त्याचा जन्म एका घरगुती बोलण्यातूनच झाला, हे कुटुंबाच्या संघाला आवडेल. १९८१ मध्ये एका सहकारी चालकाचा कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने मृत्यू झाल्यावर अमेरिकी स्पोर्ट्स कार चालक जिम डाउनिंग यांनी आपले मेहुणे, जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांच्याकडे हा प्रश्न नेला. धड पट्ट्यांनी जागच्या जागी थांबते आणि डोके मात्र पुढे फेकले जाते, त्या क्षणी मानेवर येणारा ताण कोणीतरी घ्यायला हवा, हे हबर्ड यांनी ओळखले. डाउनिंग ते साधन १९८० च्या दशकातच शर्यतीत वापरत होते, पण फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे व्हायला २००३ साल उजाडले. म्हणून हान्स अडचणीचे वाटते अशी कुरकुर चालकाने केली तरी ऐकू नये. खांद्याच्या पट्ट्यांचा कोन आणि सीट बरोबर असेल तर ते टोचत नाही.

घरीच एक सराव करून घ्यावा. चालकाला पूर्ण पोशाखात, पट्टे आवळून बसवावे आणि डोळे मिटून मुख्य वीज-कळ बंद करणे, अग्निशामकाची खेच शोधणे, पट्टे सोडणे आणि बाहेर येणे हे सगळे करायला लावावे. कळ दोन्ही हातांनी पोहोचता येईल अशी हवी. आमच्या पहिल्या सरावात खिडकीच्या जाळीची कडी उघडायलाच सर्वाधिक वेळ गेला. तोपर्यंत ती कडी कोणाच्या खिजगणतीतही नव्हती.

सामान भरणे आणि प्रवास

गाडी ट्रेलरवर चढवताना तिचे वजन किंचित पुढे राहील अशी ठेवावी. ट्रेलरच्या एकूण वजनाचा किती भाग हुकवर यावा याची मर्यादा ओढणाऱ्या वाहनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. वजन मागे गेले की वेगात ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. पट्टे चारही कोपऱ्यांना बांधावेत, आणि निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात थांबून ते पुन्हा ताणावेत, कारण टायर आणि सस्पेन्शन बसल्यावर पट्टे सैल पडतात. ट्रेलरच्या स्वतःच्या टायरकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. मग वाटेत पंक्चर झाल्यावर कळते की शर्यतीच्या गाडीचे आठ टायर सोबत आहेत आणि ट्रेलरचे जादा चाक घरी आहे.

सामानाची यादी गाडीच्या भागांप्रमाणे न करता प्रसंगांप्रमाणे करावी. चाक काढायचे आहे तर काय लागेल, पाऊस आला तर काय, इंधन भरायचे तर काय, चालकाला उन्हाचा त्रास झाला तर काय. अशी यादी केली की सावलीसाठी तंबू, त्याला बांधायला वजने, पुरेसे पाणी, कानांसाठी संरक्षक आणि प्रथमोपचाराची पेटी आपोआप येते. तंबू वजनांशिवाय उभा करू नये. वाऱ्याने उडालेला तंबू शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसतो आणि शनिवार-रविवारची मैत्री तिथेच संपते.

पोहोचल्यावर: पॅडॉक आणि तपासणी

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पोहोचावे. जागा सपाट पाहावी, गाडी स्टँडवर उचलायची आहे. तंबू, गाडी, अवजारे आणि इंधन यांच्या जागा आधी ठरवाव्यात, इंधन सावलीत आणि बसण्याच्या जागेपासून दूर. मग सर्वांनी मिळून सर्किटवर पायी एक चक्कर मारायला परवानगी असेल तर अवश्य मारावी. गाडीतून सपाट दिसणारे वळण पायी चालताना कुठे उतरते आणि कुठे बाहेर झुकते, हे पायांना कळते. चालकासोबत वेळ टिपणाऱ्याने जावे, कारण नंतर ‘चौथ्या वळणानंतर’ म्हटल्यावर दोघांच्या डोळ्यांसमोर एकच जागा यायला हवी.

मुलांना पहिल्या तासातच नियम सांगावेत. पॅडॉकमध्ये सायकल नाही, गाड्यांच्या मधून धावणे नाही, जॅकवर असलेल्या गाडीजवळ जायचे नाही. पिट लेनमध्ये प्रवेशासाठी अनेक ठिकाणी किमान वयाची अट असते, ती आयोजकांकडून विचारून घ्यावी. मोठ्या मुलांना खरे काम द्यावे, म्हणजे ती मध्ये येत नाहीत. टायरमधली हवा वहीत लिहून घेणे हे बारा वर्षांचे मूल मोठ्या माणसापेक्षा प्रामाणिकपणे करते.

तपासणीला जाताना गाडी स्वच्छ असावी. तेलकट इंजिन पाहिले की अधिकारी गळती शोधू लागतो, आणि शोधल्यावर ती सापडतेच. बॅटरी घट्ट बसवलेली, सुटे काही नसलेले, ओढण्यासाठीची कडी लावलेली, मागचे दिवे चालू, क्रमांक स्पष्ट, वेळ मोजणारा ट्रान्सपाँडर चार्ज केलेला असे सर्व असावे. अधिकाऱ्याने त्रुटी काढली तर वाद घालू नये. चालकाने तर तिथे बोलूच नये, कागदपत्रे सांभाळणाऱ्याने बोलावे.

सराव सत्र: वेग नव्हे, माहिती

पहिल्या सराव सत्राकडून वेळेची अपेक्षा ठेवू नये. पहिल्या दोन फेऱ्या टायर आणि ब्रेक तापवायला, पुढच्या तीन-चार सर्किट ओळखायला. त्यानंतर एकदा पिटमध्ये येऊन गळती, वास आणि नट पाहावेत. चाक काढून बसवले असेल तर नट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने (ठरलेला जोर लागला की ‘क्लिक’ वाजणाऱ्या पान्याने), ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एकाआड एक समोरासमोरचे, आवळावेत, आणि पहिल्या सत्रानंतर चाके निवल्यावर पुन्हा तपासावेत. ‘क्लिक’ आवाज आल्यावर रेंचला आणखी एक झटका देण्याची अनेकांना खोड असते. ती मोडावी, कारण त्याने नट ठरलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळला जातो.

टायरमधल्या हवेवर या शनिवार-रविवारी जितका वेळ घालवाल तितका तो कारणी लागेल. आतली हवा १० अंश सेल्सियसने तापली की दाब साधारण ०.१ बारने, म्हणजे सुमारे दीड पीएसआयने वाढतो. त्यामुळे सकाळच्या गारव्यात भरलेली हवा आणि दुपारच्या शर्यतीतली हवा या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. लक्ष्य नेहमी तापलेल्या टायरच्या दाबाचे ठेवावे. गाडी आत आल्याबरोबर, चालक पट्टे सोडायच्या आत, चारही चाकांचा दाब मोजून लिहावा. पाच मिनिटांनी मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. सोबत सुईचा तापमापक असेल तर प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्टीचे तापमान घ्यावे. मधली पट्टी दोन्ही कडांपेक्षा तापलेली असेल तर हवा जास्त आहे, थंड असेल तर कमी. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडी तापलेली असणे योग्यच, फरक फार असेल तर चाकाचा आतल्या बाजूला झुकलेला कल जास्त आहे. एका वेळी एकच बदल करावा. हवा, कल आणि अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे रोखणारी दांडी) तिन्ही एकदम बदलून गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कोणालाच सांगता येत नाही.

इंधनाचा हिशेबही सरावातच करून घ्यावा. समजा, १२ फेऱ्यांनंतर टाकी पुन्हा भरायला ९ लिटर लागले, तर फेरीला पाऊण लिटर झाले. १८ फेऱ्यांच्या शर्यतीला साडेतेरा लिटर, सुरुवातीच्या आणि शेवटच्या संथ फेरीसाठी दीड लिटर, आणि वळणात पंपाला हवा लागू नये म्हणून टाकीच्या तळाशी राहावे असे ५ लिटर, एकूण २० लिटर. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे सुरुवातीला १५ किलो वजन झाले. अनेक वर्गांत शर्यत संपल्यावर गाडी चालकासह तोलली जाते आणि वजन किमान मर्यादेखाली गेले तर निकालच रद्द होतो, म्हणून उरणारे इंधन धरून वजन जुळवावे.

इंधन भरताना चालक बाहेर, इंजिन बंद, डबा जमिनीवर टेकवलेला, आणि अग्निशामक हातात घेऊन, त्याची पिन ओढायच्या तयारीत एक माणूस उभा, हा क्रम कधीही मोडू नये. अग्निशामक धरणाऱ्याने त्या वेळी दुसरे काहीही करायचे नाही, फोनही घ्यायचा नाही.

सत्र संपवून आत येताना शेवटची फेरी ब्रेक फारसे न वापरता पूर्ण करावी. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतात. चाकाला ठोकळा लावावा. चालक उतरल्यावर पहिला प्रश्न ‘गाडी कशी आहे?’ हा असावा आणि उत्तर मध्ये न बोलता लिहून घ्यावे. त्याची वेळ त्याला दहा मिनिटांनी सांगावी. आधी सांगितली तर तो गाडीबद्दल बोलणे सोडून त्या आकड्याची कारणे देऊ लागतो.

पात्रता फेरी

इथे फारसे करण्यासारखे नसते. टायरची उत्तम पकड पहिल्या काही फेऱ्यांतच मिळते, म्हणून गाडी रांगेत लवकर न्यावी, पुढच्या गाडीपासून मोकळे अंतर ठेवून फेरी सुरू करावी आणि चांगली वेळ लागली की आत यावे. गर्दीत अडकून चिडण्यापेक्षा एक फेरी सोडून मागे थांबणे शहाणपणाचे.

शर्यतीचा दिवस

शर्यतीच्या वेळेपासून उलटे मोजत वेळापत्रक लिहावे. रांगेत जाण्याच्या चाळीस मिनिटे आधी गाडीवरचे काम बंद, तीस मिनिटे आधी नट आणि हवा यांची शेवटची नोंद, वीस मिनिटे आधी चालक पोशाखात. चाळीस मिनिटांनंतर सुचलेली कोणतीही सुधारणा पुढच्या शर्यतीसाठी वहीत लिहावी. आमच्या घरात या नियमावरून जितकी भांडणे झाली तितकी दुसऱ्या कशावरून झाली नसतील, आणि नियम अजून टिकून आहे.

पट्टे आवळताना कमरेचा पट्टा आधी, पोटावर नव्हे तर कंबरेच्या हाडांवर खाली बसवून, पायांमधले पट्टे त्याला वर चढू न देता धरतील असे, आणि खांद्यांचे शेवटी. हान्सच्या दोन्ही दोऱ्या हेल्मेटला लागल्या की नाही हे मदतनिसाने हाताने ओढून पाहावे, नुसते डोळ्यांनी नव्हे.

झेंड्यांची उजळणी दर शर्यतीआधी करावी, कितीही वेळा केलेली असली तरी. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबले. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅकवर तेल किंवा कचरा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. काळा म्हणजे आत येऊन अधिकाऱ्यांना भेटा, नारिंगी वर्तुळाचा काळा म्हणजे गाडीत बिघाड दिसतो आहे. पांढऱ्याबाबत सावध राहावे. आंतरराष्ट्रीय नियमांत तो पुढे संथ वाहन असल्याचे सांगतो, तर काही मालिकांत शेवटची फेरी दाखवतो. म्हणून चालकांच्या बैठकीला उशीर करू नये आणि संघातल्या आणखी एकाने तिथे वही घेऊन बसावे. झेंडे दाखवणारे मार्शल बहुतांशी स्वयंसेवक असतात आणि उन्हापावसात तासन्‌तास उभे असतात. संथ फेरीत त्यांना हात करावा.

पहिल्या वळणासाठी चालकाला एकच सूचना द्यावी: समोरच्या गाडीकडे नव्हे, तिच्याही पुढच्या दोन गाड्यांकडे पाहा. पिटमधून चालकाला दाखवायच्या फलकावर, म्हणजे पिट बोर्डवर, क्रमांक, मागच्या-पुढच्या गाडीचे अंतर आणि उरलेल्या फेऱ्या एवढेच दाखवावे. भावाला ‘जोरात’ असे लिहिलेला बोर्ड दाखवण्याचा मोह आवरावा. तो आधीच जोरात जात असतो. वॉकीटॉकी असेल तर बोलणारा एकच असावा, आणि त्याने वळणात बोलू नये, सरळ रस्त्यावरच बोलावे.

झेंडा पडल्यावर

चेकर्ड झेंड्यानंतर गाडी बहुधा वजनकाट्याकडे किंवा बंद आवारात नेली जाते. तिथे परवानगीशिवाय बॉनेट उघडू नये, टायरला हात लावू नये, चालकाने हेल्मेटही गाडीतच ठेवावे, कारण वजन त्याच्या साधनांसह मोजले जाते. उत्साहात धावत येऊन गाडीत पाण्याची बाटली देणाऱ्या नातेवाइकांना आधीच समज द्यावी. धडक झाली असेल तर समोरच्या संघाकडे त्याच क्षणी जाऊ नये. दोन्ही चालकांना हेल्मेट काढून श्वास घेऊ द्यावा आणि चित्रफीत असेल तर आधी ती आपण पाहावी. आपली चूक दिसली तर जाऊन तसे सांगावे.

परतीचे सामान भरणे हा दमलेल्या माणसांचा आणि म्हणून जोखमीचा टप्पा आहे. ट्रेलरचे पट्टे पुन्हा लाल फितीच्याच पद्धतीने तपासावेत. ज्याने दिवसभर गाडी चालवली त्याने परतीचा ट्रेलर ओढू नये.

घरी पोहोचल्यावर त्याच रात्री फक्त तीन गोष्टी कराव्यात: ओले कपडे आणि हेल्मेटचे अस्तर वाळत घालावे, ट्रान्सपाँडर चार्जिंगला लावावा, आणि वहीतली ‘पुढच्या वेळी’ ही यादी सगळे एकत्र असतानाच एकदा वाचून तिच्यातल्या प्रत्येक कामासमोर एक नाव लिहावे. टॉर्क रेंच पेटीत ठेवण्याआधी त्याची मूठ सर्वांत खालच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवावी, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि पुढच्या शर्यतीत तिचा ‘क्लिक’ चुकीच्या आकड्यावर वाजू शकतो.